शिमग्याचा खाऊ: साखरेच्या गाठी आणि मोहाची फुलं

फाल्गुन लागला की आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर दोन तऱ्हेचा गोड खाऊ येतो. एक बाजारातून येतो, साखरेच्या गाठींची पांढरी-गुलाबी माळ. दुसरा पहाटे झाडाखाली पडतो, मोहाचं फूल. दोन्ही असे की ज्याला आवडतात त्याला फार आवडतात, आणि ज्याला नाही त्याच्यासमोर ताटलीसुद्धा ठेवू नये.

गाठींचं आधी सांगून टाकतो, कारण ते थोडक्यात आहे. लाकडी साच्यात दोरा घालायचा, साखरेचा कडक पाक ओतायचा, थंड झाला की साचा उघडायचा. ना वास, ना मसाला, नुसती साखर. लहानपणी आमच्यातल्या काहीजणी ती माळ गळ्यात घालून दिवसभर चोखायच्या. काहीजणींना दातात येणाऱ्या दोऱ्याचीच किळस यायची. पण माळ नको म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, कारण ती मामाकडून किंवा आत्याकडून आलेली असायची. उरलेल्या गाठी चहात जायच्या.

मोहाची गोष्ट मात्र मोठी आहे. आम्ही गटाच्या बैठकीत नुसता विषय काढला, "लहानपणी मोहाची फुलं कोणी कोणी खाल्लीत?" आणि कर्जाचे हप्ते बाजूला राहिले. एक आजी म्हणाल्या, तव्यावर भाजलेलं फूल म्हणजे आमचं चॉकलेट. दुसरीने लगेच नाक मुरडलं, "उंदराचा वास येतो त्याला!" खोटं नाही. सुकलेल्या मोहाला एक जड, कोंदट वास असतो, आणि नीट न धुतलेल्या फुलात वाळू कचकन दाताखाली येते. तिसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या वासाने मला आमचा बाप आठवतो." त्यावर कोणी काही बोललं नाही.

आपल्या मुलींना हे आता सांगावं लागतं, म्हणून सांगतो. फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. दिसायला लोण्याच्या रंगाचं, गुबगुबीत, रसाने भरलेलं. उन्हात वाळवलं की मनुक्यासारखं तपकिरी होतं आणि वर्षभर टिकतं. वाळलेल्या फुलात खूप साखर असते. आतले केसर काढून, धुऊन, उकडून नागलीच्या भाकरीबरोबर खायचं, चिंचोक्यांबरोबर शिजवायचं, तिळाबरोबर कुटायचं. घरात गूळ विकत आणायला पैसा नसायचा तेव्हा गोड म्हणजे हेच. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की तो खाऊ राहत नसे, जेवण व्हायचं.

आता इथे इतिहास येतो. मोहाच्या फुलापासून दारू होते, हे सगळ्यांना माहीत आहे. इंग्रज सरकारलाही माहीत होतं. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. दारू गाळायची ती सरकारच्या परवानगीने, विकायची ती ठेकेदाराने, आणि त्यावर कर सरकारचा. घरच्या मोहाची दारू या हिशोबात बसत नव्हती. मग १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. तो लागू केला ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांना, आणि आपला डहाणूचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. परवान्याशिवाय फुलं गोळा करणं, जवळ बाळगणं, विकणं हे गुन्ह्यात आलं. दारूवरचा कर वाचवायला सरकारने झाडाखालच्या फुलावरच हात ठेवला. पोराच्या ओंजळीतलं फूल खायचं आहे की गाळायचं, हे कायदा विचारत नव्हता.

गंमत बघा, त्याच सुमाराला, म्हणजे १८८०च्या दशकात, अमेरिकेत एक साखरेची गोळी बनायला लागली. मक्याच्या दाण्याच्या आकाराची, पांढरी, केशरी, पिवळी. तिथे ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन नावाचा सण असतो, मुलं भुताखेतांचे वेश करून घरोघर खाऊ मागत फिरतात. या गोळीला पूर्वी 'चिकन फीड' म्हणत, म्हणजे कोंबड्यांचा दाणा, आणि खोक्यावर कोंबड्याचं चित्र असायचं. शेतकरी घरातल्या लोकांना ओळखीची वाटावी असा तो माल. आजही तिथे अर्धे लोक ती आवडीने खातात आणि अर्धे म्हणतात, ही तर गोड मेणबत्ती. पण त्या गोळीसाठी कोणाच्या घराची झडती झाली नाही. आपल्याकडे फूल पदरात लपवून आणायला लागलं.

इंग्रज गेले तरी फूल सुटलं नाही. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला आणि मोहाच्या फुलांवर नियम राहिलेच. दारूबंदीचा हेतू आम्हाला वाईट वाटत नाही. ज्या बाईने नवऱ्याची मारझोड सोसली तिच्यासमोर आम्ही मोहाच्या दारूचं कौतुक करणार नाही, मग ती कितीही जुनी परंपरा असो आणि देवाला कितीही वाहिली जात असो. पण त्या नियमांचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. दारू काही थांबली नाही, ती आडबाजूला गाळली गेलीच. थांबलं ते फुलाचं जेवण. जी गोष्ट लपवायची ती पोरांच्या हातावर कोण ठेवणार? त्यात महाराष्ट्रात साखर कारखाने वाढले, १९५०च्या सुमाराला लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, हळूहळू साखर रेशनवर पाड्यापर्यंत पोचली. दुकानात बरणीतल्या गोळ्या आल्या. शाळेत मोहाची फुलं घेऊन जाणारं पोर मागासलेलं, आणि गोळी चोखणारं शहाणं. आमच्यातल्या पस्तिशीतल्या बायांनी हे स्वतः बघितलं आहे. डब्यात मोह असला की झाकण अर्धंच उघडायचं.

वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि गौण वनउपज गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क कागदावर आपला झाला. तरी मोहाची भीती गेली नव्हती. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं-आणणं यावरचे निर्बंध आदिवासींसाठी उठवले. १८९२ ते २०२१, हिशोब करा, १२९ वर्षं. विनापरवाना दारू गाळणं आजही गुन्हाच आहे, त्यात गल्लत करू नका. फूल आणि दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच मान्य व्हायला इतका काळ गेला.

म्हणून आता गटात आमचा वाद चालू आहे. मोह, तीळ, नागली यांचे लाडू करून चैत्र पौर्णिमेनंतरच्या महालक्ष्मीच्या यात्रेत विकायला ठेवावेत असं काहीजणींचं म्हणणं. बाकीच्या विचारतात, मोहाचं नाव वाचून लोक हसतील त्याचं काय? एकीने सुचवलं, नावच लिहू नका, 'वनलाडू' म्हणा. हे आम्हाला पटलं नाही. इतकी वर्षं लपवलं, आता विकतानाही लपवायचं?

खायच्या फुलासाठी काम वेगळं करावं लागतं. झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करायची सवय सोडायला हवी. त्याने फुलाला राख लागते, रोपं जळतात आणि वणवा पसरतो. त्याऐवजी झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या जोडून अंथरायच्या, म्हणजे फूल मातीला लागत नाही आणि दाताखाली वाळू येत नाही. उन्हं चढायच्या आत वेचायचं. केसर काढायचे. जमिनीवर न वाळवता बांबूच्या मांडवावर कापड घालून वाळवायचं, आणि ओल राहिलेलं फूल डब्यात भरायचं नाही, कारण त्या कोंदट वासात ओलीचाही वाटा असतो.

मागच्या आठवड्यात असे दोन किलोचे लाडू करून बघितले. आजींनी तीन खाल्ले. उंदराचा वास म्हणणारीने अर्धा खाल्ला आणि उरलेला पदराला बांधून घरी नेला, पोरीला दाखवायला म्हणे. गप्प बसलेल्या बाईने खाल्ला नाही. तिला कोणी आग्रह केला नाही. पण पुढच्या रविवारी जाळी बांधायला येते म्हणाली, तिच्याच बांधावर दोन मोठी झाडं आहेत.