आंबोलीचे कासव आणि जीवाश्मांचे दप्तर

साष्टीच्या दगडाने मुंबई उभी राहिली हे सर्वश्रुत आहे. राजाबाई मनोऱ्यास कुर्ल्याचा दगड लागला आणि मालाडचा पिवळट दगड कित्येक जुन्या इमारतींच्या दर्शनी भागांत अद्याप ओळखू येतो. परंतु याच उपनगरी खाणींनी प्राचीन जीवसृष्टीच्या इतिहासालाही साहित्य पुरविले, याची वाच्यता क्वचितच होते. दख्खनच्या लाव्हारसाचा एक प्रवाह थिजून दुसरा येईपर्यंतच्या अवकाशात जी तळी साचली, त्यांचा गाळ पुढल्या प्रवाहाखाली दडपला गेला, आणि अशाच गाळाच्या थरातून, जोगेश्वरी-अंधेरीकडील आंबोलीच्या खाणीत, एका कासवाची कवटी निघाली. गॅफनी, साहनी प्रभृती संशोधकांनी २००३ साली तिचे 'सांकुचेमिस सेथ्नाय' असे नामकरण केले. अंधेरीतल्याच गिल्बर्ट टेकडीचे कातळस्तंभ पाहण्यास माणसे जातात. या कासवाचे नाव मात्र अंधेरीत कोणास ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे.

त्याहून जुनी कथा वरळीच्या थरांत जीवाश्मरूपाने सापडलेल्या इवल्या बेडकाची. रिचर्ड ओवेनने १८४७ साली लंडनमध्ये त्यास 'राना' या वंशात घातले. स्टोलिच्काने १८६९ साली तेथून काढून 'ऑक्सिग्लॉसस' वंशात बसविले. आणि न्यूयॉर्कच्या नोबलने १९३० साली त्याच्यासाठी 'इंडोबॅट्रॅकस' हा स्वतंत्र वंशच निर्माण केला. ही सारी नामांतरे निरनिराळ्या देशांच्या नियतकालिकांत विखुरलेली असल्यामुळे ती एकत्र जुळविणे हे पूर्वी वर्षानुवर्षांचे काम होते.

जॉन अल्रॉय आणि चार्ल्स मार्शल यांनी १९९८ साली सागरी जीवाश्मांपुरते आरंभिलेले, आणि २००० सालापासून 'पॅलिओबायॉलॉजी डेटाबेस' या नावाने चालणारे संगणकीय दप्तर नेमके हेच काम करते. जीवाश्म कोणत्या अक्षांश-रेखांशावर व कोणत्या कालखंडाच्या थरात सापडला, हे त्यात छापील निबंधाच्या दाखल्यासह नोंदवितात. वर्गीकरण मात्र कायमचे कोरून ठेवीत नाहीत, तर कर्ता व साल यांसह प्रत्येक विद्वानाचे मत साठवून त्यांवरून ते संगणकाकडून जुळवून घेतात. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर फेरफारानंतर जुने नाव कंसात जाते, पुसले जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

माझ्या मते या दप्तराचा गुण आणि उणीव एकाच नियमात आहेत. छापील दाखल्यावाचून नोंद नाही. म्हणून थापांना तेथे थारा मिळणे कठीण, पण पाथरवटाच्या हातून खडीत गेलेल्या जीवाश्मासही तेथे स्थान नाही. शिवाय छापणारे कोण? पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील देवप्रिया चट्टोपाध्याय यांचा सहभाग असलेल्या २०२२ च्या एका अभ्यासात असे दिसून आले की, त्याआधीच्या तीन दशकांत छापलेल्या निबंधांतून या दप्तरात आलेल्या सामग्रीपैकी ९७ टक्के सामग्री उच्च व उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील संशोधकांकडून आली. त्यामुळे वरळीच्याच थरांतून 'इंडोबॅट्रॅकस ट्रिव्हिअॅलिस' ही दुसरी जात चिपळूणकर या संशोधकांनी १९४० साली वर्णिली, त्या नोंदीपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे, एवढे तिचे मोल खचित आहे.