हँगरमधली शाळा

१९४१ साली जॉन वेकरलिंग आणि काय रासमुसेन या अमेरिकी लष्करातल्या दोन अधिकाऱ्यांना एकच घोर लागला होता. जपानशी युद्ध जुंपलं, तर शत्रूचे कागद वाचणार कोण आणि कैद्यांशी बोलणार कोण? दोघेही टोकियोत राहून जपानी शिकले होते, त्यामुळे ही भाषा घाईघाईने पदरात पडणारी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण उपाय हाताशी होता, निदान तसं वाटत होतं. जपानी स्थलांतरितांची अमेरिकेत जन्मलेली मुलं, म्हणजे निसेई, पश्चिम किनाऱ्यावरच्या पलटणींमध्ये हजारोंनी भरती झाली होती. त्यांतल्या ३,७०० जणांना तपासलं. उत्तम जपानी येणारे निघाले शंभरात तीन. चार बरे म्हणावेत असे, आणि आणखी तीन पुष्कळ मेहनत घेतली तर कामाला येतील असे. उरलेल्यांचं जपानी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर न पडलेलं. यात नवल काय? न्यू जर्सीत वाढलेल्या आपल्या एखाद्या भाच्यासमोर मोडीतला लष्करी हुकूम ठेवून पाहावा.

शाळा काढणं भागच होतं. १ नोव्हेंबर १९४१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ छावणीत, क्रिसी फील्डवरच्या एका पडीक हँगरमध्ये ती गुपचूप सुरू झाली. विद्यार्थी साठ, त्यांतले ५८ निसेई. शिक्षक चार. सुरुवातीला हातात रक्कम २,००० डॉलर. टेबल-खुर्च्या पुरेशा नव्हत्या, म्हणून फळांची रिकामी खोकी बसायला घेतली. मुख्य शिक्षक जॉन आयसो हे हार्वर्डमधून कायदा शिकलेले वकील. लष्कराने त्यांना साधा शिपाई म्हणून घेतलं आणि ट्रकदुरुस्तीच्या कामाला लावलं होतं. असा एखादा किस्सा जगातल्या प्रत्येक लष्कराच्या खात्यावर जमा असावा.

शाळेला पाच आठवडे होतात न होतात तोच पर्ल हार्बर झालं. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. वर्गात चित्रलिपी घोटणाऱ्या मुलांचे आईवडीलही त्या तारांआड गेले. मे महिन्यात पहिली तुकडी बाहेर पडली. पण किनाऱ्यावर जपानी चेहऱ्यालाच मज्जाव झाल्यावर शाळेनेही तिथून बिऱ्हाड हलवलं. बहुतेक राज्यांना हे विद्यार्थी नको होते. मिनेसोटाचे गव्हर्नर हॅरल्ड स्टॅसन मात्र तयार झाले आणि निराधार वृद्धांच्या निवाऱ्याची एक जागा शाळेला मिळाली. तिचं नाव कॅम्प सॅव्हेज.

माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींचा मोठा भाग या जागेने व्यापला आहे. हवाई आणि कॅलिफोर्नियातून आलेल्या या पोरांनी असली थंडी जन्मात पाहिली नव्हती. बराकीत कोळशाच्या शेगड्या, अंगात असतील नसतील ते कपडे. दिवसभर वर्ग, रात्री पुन्हा सक्तीचा अभ्यास. जपानी भाषेचे शिक्षक नागानुमा यांची क्रमिक पुस्तकं, लष्करी परिभाषा, नकाशे, कैद्यांची उलटतपासणी आणि सर्वांत जीवघेणी सोशो, म्हणजे भराभर लिहिलेली वळणदार हस्तलिपी. मेलेल्या सैनिकाच्या खिशातली रोजनिशी छापील अक्षरात थोडीच असते! दिवे मालवले की फक्त संडासातला दिवा चालू राहायचा. तिथे बसून शब्द पाठ करणारी मुलं आणि त्यांना अंथरुणात पिटाळणारे अधिकारी, हा प्रसंग या आठवणींत इतक्यांदा येतो की ती शाळेची खरी वाचनखोली असावी असं वाटू लागतं.

मला या वाटचालीत सर्वांत बोलकी वाटते ती किबेईंची गोष्ट. किबेई म्हणजे अमेरिकेत जन्मून जपानमध्ये शिकून परतलेले. सरकारच्या लेखी सर्वांत संशयित तेच, आणि शाळेच्या लेखी सर्वांत मोलाचेही तेच. रासमुसेन यांची माणसं भरतीसाठी थेट त्या तारांच्या छावण्यांत गेली. ज्या शिक्षणामुळे माणूस आत टाकला गेला, त्याच शिक्षणाची मागणी करत सरकार दाराशी आलं होतं. नौदलाने तेवढंही केलं नाही. त्यांच्या बोल्डरच्या शाळेत जपानी वंशाचे शिक्षक चालत, विद्यार्थी चालत नसत.

अर्कान्सामधल्या जेरोम छावणीतून आलेला असाच एक किबेई म्हणजे रॉय मात्सुमोतो. शिक्षण हिरोशिमात, भाऊ जपानी सैन्यात. ब्रह्मदेशात जपानी फळीमागे घुसणाऱ्या मेरिलच्या पलटणीबरोबर चौदा निसेई निघाले, त्यांत ते होते. ही पलटण ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस मुंबईत उतरली आणि तिचा पहिला मुक्काम पडला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत. पुढे एप्रिल १९४४ मध्ये न्हपुम गा इथे वेढा पडलेला असताना मात्सुमोतो रात्री सरपटत शत्रूच्या खंदकांपाशी गेले आणि पहाटे हल्ला कुठे होणार ते ऐकून परतले. अमेरिकनांनी ती जागा रिकामी करून वर दबा धरला. हल्लेखोर आले, फसले, मागचे थबकले. तेव्हा मात्सुमोतो उभे राहून अस्सल जपानी फौजी स्वरात चढाईचा हुकूम ओरडले, आणि शत्रूचे सैनिक त्या हुकमासरशी गोळ्यांच्या तोंडी धावले. शौर्यकथा म्हणून ही नेहमी सांगतात. हिरोशिमातल्या शाळेत त्यांच्या शेजारी बसलेली मुलं त्या वेळी कुठल्या पलटणीत होती, हे विचारायचं मात्र राहून जातं.

बाकीचं काम कागदांचं. आपली लिपी शत्रूला वाचता येत नाही या भरवशावर जपानी सैनिक रोजनिश्या लिहीत, आणि ब्रिस्बेनच्या भाषांतर केंद्रात त्या वाचल्या जात. जपानी आरमाराची ‘झेड योजना’ १९४४ मध्ये हाती लागली, तिच्या भाषांतरातही या शाळेचे विद्यार्थी होते. आघाडीवर गेलं की त्यांना अंगरक्षक दिला जाई, कारण आपल्याच गोळीची भीती जास्त. हुद्द्यांत दुजाभाव उघड होता. मिशिगन विद्यापीठातून जपानी शिकलेला गोरा तरुण अधिकारी व्हायचा आणि त्याच्याहून चांगलं जपानी जाणणारा निसेई त्याच्या हाताखाली सार्जंट. ओरेगनमधल्या हूड रिव्हर गावाने निसेई सैनिकांची नावं सन्मानफलकावरून पुसली. त्यांतला एक, फ्रँक हाचिया, जानेवारी १९४५ मध्ये लेटे बेटावर जखमा होऊन मेला. गावाने नाव पुन्हा लिहिलं ते त्यानंतर, देशभरातून छी-थू झाल्यावर.

१९४४ मध्ये शाळा जवळच्या फोर्ट स्नेलिंगला गेली आणि १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात परतली, या वेळी माँटेरेला. तोवर सुमारे ६,००० जण शिकून गेले होते. त्यांच्यामुळे युद्ध दोन वर्षं आधी संपलं, हे मॅकआर्थर यांचे गुप्तवार्ता प्रमुख विलोबी यांच्या नावावरचं विधान प्रत्येक समारंभात ऐकू येतं. असलं मोजमाप कुणी कसं करतं कोण जाणे. खुद्द विद्यार्थ्यांना १९७० च्या दशकापर्यंत तोंड उघडायची परवानगीच नव्हती. निसेईंच्याच ४४२ व्या लढाऊ पलटणीची कीर्ती युद्धकाळातच पसरली. या शाळेतले मात्र आपण काय केलं ते घरीसुद्धा सांगू शकले नाहीत. अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक आलं ते २०११ मध्ये. घ्यायला थोडेच उरले होते.

माँटेरेची ती शाळा आज अमेरिकी संरक्षण खात्याची भाषासंस्था आहे. तिचं ग्रंथालय आयसोंच्या नावाने आहे आणि एक इमारत हाचियाच्या.