कृतीची साक्ष : याकोबाच्या पत्रातील तेरा वचनांवर पेण-रोह्यातून भाष्य

उपोद्घात

याकोबाचे पत्र हे नव्या करारातले पाच अध्यायांचे छोटे पत्र. परंपरेनुसार ते येशूचा भाऊ याकोब याने लिहिले. तो यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीचा प्रमुख होता. इसवी सन ६२च्या सुमारास त्याला दगडमार करून ठार मारल्याची नोंद योसेफस या ज्यू इतिहासकाराने केली आहे. पत्र विखुरलेल्यांना उद्देशून आहे. वेगळ्या श्रद्धेच्या शेजाऱ्यांमध्ये थोड्या संख्येने राहणारी ती माणसे होती.

पेण आणि रोह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना ही स्थिती ओळखीची आहे. पेणचे वर्ष गणेशमूर्तींच्या कारखान्यांभोवती फिरते, रोह्याचे धाटावच्या औद्योगिक वसाहतीभोवती. इथे ख्रिस्ती माणसाची शेजाऱ्याशी गाठ पडते ती शाळेत, दवाखान्यात, दुकानात, कारखान्याच्या पाळीत. तिथे त्याला त्रैक्याचा सिद्धांत कोणी विचारत नाही, पण त्याची वागणूक रोज दिसते. ख्रिस्ती कोणाला म्हणावे, या प्रश्नासाठी दुसऱ्या अध्यायातली १४ ते २६ ही वचने म्हणूनच निवडली आहेत. प्रत्येक वचनाचा आशय माझ्या शब्दांत देऊन पुढे भाष्य केले आहे.

वचन १४

आशय : माझ्यापाशी विश्वास आहे असे एखादा म्हणतो, पण त्याच्या हातून काही घडत नाही. त्याचा काय उपयोग? तसला विश्वास त्याला तारील काय?

इथे ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो विश्वास असल्याचे ‘म्हणणारा’ आहे. याकोब विश्वासावर शंका घेत नाही. नुसत्या म्हणण्यावर घेतो. अंत्युखियात शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळाल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत, ११व्या अध्यायात नोंदले आहे. म्हणजे ही ओळख आरंभापासून चारचौघांत वावरणारी आहे.

आपल्या भागात या वचनाला इतिहासाची जोड आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. मुखाच्या एका बाजूला चौल-रेवदंडा आणि दुसऱ्या बाजूला कोर्लई. पोर्तुगिजांचा अंमल इथे १७४० मध्ये संपला आणि ठाणी मराठ्यांकडे आली. राज्यकर्त्यांचाच धर्म आपला असतो, तेव्हा ‘मी ख्रिस्ती’ म्हणण्यात लाभ असू शकतो. तो लाभ गेल्यावरही कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबांनी श्रद्धा सोडली नाही. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली त्यांची घरची बोली आजही टिकून आहे; क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाभ्यासकाने १९९६ मध्ये तिच्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. राजसत्ता पाठीशी नसताना पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या श्रद्धेला केवळ म्हणणे म्हणता येणार नाही. पण वारसा कितीही जुना असला, तरी वचन प्रत्येक पिढीला नव्याने विचारते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून माणसाची सुरुवात कुठून झाली ते कळते. तो पुढे कसा जगला, याची नोंद त्या वहीत नसते.

वचने १५ आणि १६

आशय : एखाद्या भावाला किंवा बहिणीला अंगभर वस्त्र नाही, त्या दिवसाचे अन्न नाही. तुमच्यापैकी कोणी त्यांना सुखी राहण्याचा, ऊब आणि पोटभर अन्न मिळण्याचा आशीर्वाद देतो, पण शरीराला हवे ते देत नाही. त्याचा काय उपयोग?

या दोन वचनांपाशी थांबले पाहिजे, कारण सगळ्या युक्तिवादाचा पाया इथे आहे. आशीर्वाद वाईट नाही. तो देऊन प्रकरण मिटवले, हा दोष आहे. याकोबाने उदाहरण घेतले ते ‘त्या दिवसाच्या’ अन्नाचे. पेण-रोह्याच्या डोंगरकडेच्या आदिवासीवाड्यांवर ही भूक ओळखीची आहे. कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. भाताची कामे संपली आणि दिवाळी उलटली की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर निघतात. काम नसलेल्या पावसाळी दिवसांत मालकाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर राबून फेडायची असते. मुलांची शाळा मध्येच तुटते. उचलीपायी माणसाला कामाशी बांधून ठेवणे १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे. तरी हंगामाअखेर हिशेब कोणाच्या वहीवर आणि कोणाच्या शब्दावर होतो, हे वाडीवर सगळ्यांना ठाऊक असते.

म्हणून ‘शरीराला हवे ते देणे’ याचा अर्थ नाताळात कपडे वाटण्यापुरता घेऊ नये. कपडे जरूर द्यावेत. पण जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात सोबत जाणे, शिधापत्रिकेवर राहिलेले नाव चढवून घेणे, भट्टीवरच्या हिशेबाला साक्षीदार म्हणून बसणे, हेही शरीराला हवे ते देणेच आहे. त्या दाखल्यावर आणि त्या हिशेबावर रोजची भाकरी अवलंबून असते.

इथे दोन शंका येतात. पहिली अशी : ‘भाऊ, बहीण’ म्हणजे मंडळीतलेच ना? समाधान : याच अध्यायाच्या ८व्या वचनात याकोबाने शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा सर्वांत वर ठेवली आहे. आणि शेजारी कोण, हे येशूने लूकच्या १०व्या अध्यायात सांगितले, तेव्हा कथेचा नायक परक्या पंथाचा शोमरोनी माणूस होता. कुंपण घालायला जागा उरत नाही.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. ही मदत धर्मांतरासाठी असेल काय? आपल्या जिल्ह्यात हा संशय उघडपणे बोलला जातो, आणि त्याचे उत्तर चिडून देऊ नये. उत्तर वचनातच आहे. भुकेल्याला दिल्यावर त्याच्याकडून काय घ्यायचे, याविषयी याकोब एक शब्दही बोलत नाही. अट घातली की तो सौदा झाला, आणि सौद्याला विश्वासाची कृती म्हणता येत नाही. घेणारा उद्या आपल्या देवाला नारळ वाढवायला गेला, तरी दिलेले तांदूळ योग्य जागीच पोचलेले असतात. ही मोकळीक ज्याला मान्य नाही, त्याला हे वचन समजलेले नाही, असे मी ठामपणे म्हणतो.

वचन १७

आशय : कृतीची जोड नसलेला विश्वास, एकटाच असेल तर, मेलेला आहे.

वरच्या उदाहरणाचा हा निष्कर्ष. दुबळा किंवा अपुरा अशी सौम्य विशेषणे याकोबाने वापरली नाहीत, एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

वचन १८

आशय : कोणी म्हणेल, तुझ्यापाशी विश्वास, माझ्यापाशी कृती. तर कृतीवाचून तुझा विश्वास मला दाखव; मी माझ्या कृतींतून माझा विश्वास तुला दाखवीन.

पूर्वपक्ष अशी वाटणी सुचवतो की काहींनी श्रद्धा सांभाळावी, काहींनी सेवा करावी. रविवारची मिस्सा किंवा उपासना एका खात्यात, सोमवारची दुकानदारी दुसऱ्या खात्यात. याकोब ही वाटणी मोडतो आणि ‘दाखव’ म्हणतो. दाखवायचे म्हणजे पाहणारा दुसरा कोणीतरी हवा.

लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन या वचनाजवळ ठेवून वाचावे. त्यांचे पती ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षे ओढाताणीची होती. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना जाणवते की शिवाशिवीचा पगडा त्यांच्या मनावरून उतरला तो बाप्तिस्म्याच्या आधी. माणसामाणसांत देवाने भेद केला नाही हे पटल्यावर कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. ओठांवरच्या कबुलीआधी त्यांचा विश्वास पाण्याच्या भांड्यापाशी दिसला. टिळकांनी तुकोबांना ख्रिस्ताकडे नेणारा पूल मानले. संत कोणाला म्हणावे याची तुकोबांची कसोटीही वागण्याचीच आहे; दीनांना जवळ करतो की नाही, हेच ती पाहते. मराठी वाचकाला याकोब परका वाटत नाही, तो याच कारणाने.

वचन १९

आशय : देव एक आहे असे तू मानतोस, हे चांगले आहे. भुतेही तेच मानतात, आणि थरथर कापतात.

सिद्धांत बरोबर असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. भुतांचा सिद्धांत बरोबर आहे; त्यांच्यापाशी प्रीती नाही.

वचने २० ते २४

आशय : कृतीवाचून विश्वास निष्फळ आहे याचे प्रमाण हवे काय? अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवले, तेव्हा त्याचा विश्वास कृतींबरोबर काम करीत होता आणि कृतींनी पूर्ण झाला. शास्त्रलेखातले वचन खरे ठरले, त्याला देवाचा मित्र म्हटले गेले. माणूस नुसत्या विश्वासाने नव्हे, तर कृतींनीही नीतिमान ठरतो.

या वचनांवरून मोठे वाद झाले. रोमकरांच्या पत्रात पौल म्हणतो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि त्यालाही अब्राहामाचाच दाखला देतो. १५२२च्या जर्मन नव्या करारात मार्टिन लूथरने याकोबाच्या पत्राला कमी लेखून शेवटाकडे ठेवले. मग दोघांपैकी खरा कोण?

उत्पत्तीच्या पुस्तकातला क्रम पाहिला की गाठ सुटते. पौलाचा आधार आहे १५व्या अध्यायावर : अब्राहाम वचनावर विश्वास ठेवतो, तेव्हा इसहाक जन्मलेलाही नाही. याकोब बोट ठेवतो ते २२व्या अध्यायातल्या प्रसंगावर, आणि तो बऱ्याच वर्षांनंतरचा आहे. देवाशी नाते कशाने सुरू होते, हा पौलाचा प्रश्न. ते नाते खरे होते हे पुढे कशावरून दिसते, हा याकोबाचा. कृती ही देवाला चुकवलेली किंमत नाही. कृपा फुकटच मिळते. मिळाली आहे याची खूण मात्र वागण्यात उमटते. १९९९ मध्ये कॅथलिक आणि लूथरन चर्चनी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण कृपेने, आणि सत्कृत्ये त्याचे फळ, ही समजूत त्यांनी एकत्र मांडली.

‘विश्वास कृतींबरोबर काम करीत होता’ या भागासाठी महाराष्ट्रातला दाखला जामखेडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती दांपत्य. त्यांनी १९७० मध्ये दुष्काळी जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या कमी शिकलेल्या, अनेक दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्या बाईची सावली टाळली जाई, तिच्याच हातून गावाची बाळंतपणे सुखरूप होऊ लागली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या श्रद्धेने त्यांना गावात आणले, आणि गावातल्या कामाने ती श्रद्धा पूर्णत्वाला गेली. वचनातला क्रम तोच आहे.

वचन २५

आशय : तसेच राहाब वेश्येचे. तिने दूतांना घरात घेतले आणि दुसऱ्या वाटेने सुखरूप पाठवले. तीही कृतींनी नीतिमान ठरली नाही काय?

कुलपिता अब्राहाम याच्या जोडीला याकोब यरीहोची एक परकी, गावाने बाजूला टाकलेली स्त्री बसवतो. दाखल्यांची ही निवडच शिकवण आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात सापडलेल्या मुलींबरोबरच समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे केले, तेव्हा त्यांनी ही निवड महाराष्ट्रात प्रत्यक्षात आणली.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. या कथेत राहाब मदत घेणारी नाही, देणारी आहे. आपण वाडीवर जातो ते बहुधा दाता म्हणून. पण स्वतःच्या घरात मूठभर तांदूळ असताना शेजारच्या पोराला ताटात ओढून घेणारी कातकरी बाई या वचनाच्या जास्त जवळ उभी असते. तिच्याकडून शिकायची तयारी नसेल, तर आपल्या सेवेत वरचढपणाच राहील.

वचन २६

आशय : आत्म्यावाचून शरीर जसे मेलेले, तसा कृतीवाचून विश्वास मेलेला.

सतराव्या वचनाचा निष्कर्ष इथे पक्का होतो. उपमेची रचना अनपेक्षित आहे : शरीराच्या जागी विश्वास आहे आणि प्राणाच्या जागी कृती. आपण उलट धरून चालतो, की श्रद्धा आत, कृती बाहेर. याकोबाच्या मते कृतीतून श्रद्धा श्वास घेते.

तेव्हा पेण-रोह्यात ख्रिस्ती कोण, याचे उत्तर या तेरा वचनांतून असे निघते. ख्रिस्तावर ज्याचा विश्वास आहे आणि तो विश्वास ज्याच्या व्यवहारात इतरांना सापडतो, तो. याच पत्राच्या ५व्या अध्यायात, ४थ्या वचनात, याकोब शेताचे पीक कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी पोचला आहे, असे सांगतो. भातशेतीच्या या मुलखात त्या वचनाला स्पष्टीकरण लागत नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाची मजुरी वेळेवर, पूर्ण आणि हिशेब दाखवून दिली जाते काय? आपण ख्रिस्ती आहोत की नाही, याची साक्ष पहिल्यांदा त्याच्याकडून घ्यावी, आणि त्याने जे सांगितले ते मान्य करावे.