सॅटर्न (शनी)

सूर्यमालेतील सहावा ग्रह आणि प्राचीन रोमन लोकांचा एक देव, या दोहोंचे नाव. ग्रहाला मराठीत शनी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत आधी ग्रह व मग रोमन देव घेतला आहे. भारतीय शनिदेव, शनिमाहात्म्य व शिंगणापूर यांचा विचार येथे केलेला नाही. आकाशातील ग्रह एकच असला, तरी या दोन देवांची घराणी वेगळी आहेत: आपला शनी सूर्य व छाया यांचा मुलगा, तर रोमन सॅटर्न हा ज्युपिटरचा, म्हणजे आपण ज्याला गुरू म्हणतो त्या ग्रहाच्या देवाचा, बाप.

ग्रह : सूर्यापासून सरासरी अंतर सु. १४३ कोटी किमी. परिभ्रमणकाल २९.४६ वर्षे, म्हणजे एका राशीत सु. अडीच वर्षे मुक्काम. साडेसातीचा हिशोब (जन्मराशी, तिच्या मागची व पुढची रास) यावरूनच बसवलेला आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत हा सर्वांत दूरचा व सर्वांत संथ. विषुववृत्तीय व्यास १,२०,५३६ किमी., ध्रुवीय व्यास १,०८,७२८ किमी.; या दोहोंतील फरक पृथ्वीच्या व्यासापेक्षा थोडाच कमी आहे. इतका चपटा ग्रह सूर्यमालेत दुसरा नाही. वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण सरासरी घनता पाण्याहूनही कमी (सु. ०.६९). घटक मुख्यतः हायड्रोजन व हीलियम. अक्षाचा कल २६.७ अंश. उत्तर ध्रुवाभोवती ढगांचा एक षट्‌कोन फिरत असतो. त्याची एकेक बाजू पृथ्वीच्या व्यासाहून लांब आहे.

दिवसाची लांबी हा प्रश्न बराच काळ अडून राहिला. ग्रहाला घट्ट पृष्ठभाग नाही, ढगांचे पट्टे वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी जवळजवळ तंतोतंत जुळलेला आहे; त्यामुळे धरून ठेवावी अशी खूणच सापडत नाही. व्हॉयेजर यानांनी रेडिओ संदेशांवरून १० तास ३९ मिनिटे हे मान दिले, पण पुढे कॅसिनी यानाच्या नोंदी त्याच्याशी जुळेनात. २०१९ मध्ये कड्यांत उठणाऱ्या लाटांवरून १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद हे मान काढण्यात आले. ग्रहाच्या पोटातील स्पंदनांनी त्याचे गुरुत्वाकर्षण किंचित कमीजास्त होते आणि त्याचे ठसे कड्यांत उमटतात, हे त्यामागचे तत्त्व. ग्रहाचा दिवस अखेर कड्यांनी सांगितला, ही गोष्ट या नोंदीच्या पुढील विस्ताराला पुरेसे समर्थन ठरावी.

कडी : गॅलिलीओने जुलै १६१० मध्ये आपल्या दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्याला मधे एक मोठा व दोन बाजूंना दोन लहान असे तीन गोल दिसले. शोधावरचा हक्क राहावा, पण शोध मात्र फुटू नये, म्हणून त्याने तो अक्षरांची उलथापालथ करून योहानेस केप्लरकडे पाठवला. केप्लरने अक्षरे जुळवली ती मंगळाला दोन चंद्र असल्याच्या अर्थाने. (मंगळाला दोन चंद्र आहेतच, पण ते १८७७ मध्ये सापडले. केप्लरचा हा नेम योगायोगानेच लागला.) १६१२ च्या अखेरीस बाजूचे दोन्ही गोल दिसेनासे झाले. पृथ्वी तेव्हा कड्यांच्या प्रतलातून जात होती आणि इतकी पातळ वस्तू कडेवर आली की दिसत नाही. पण हे कळायला अजून जवळजवळ अर्धे शतक जायचे होते. गोंधळलेल्या गॅलिलीओने एका पत्रात, सॅटर्नने आपली पोरे गिळली की काय, अशा अर्थाचा प्रश्न केला. १६१६ मध्ये त्याला ग्रहाच्या दोन्ही बाजूंना कान फुटल्यासारखे दिसले. तेव्हाची आकृती आज पाहणाऱ्याला त्यात कडे लगेच ओळखू येते, खुद्द गॅलिलीओला ते आले नाही.

उकल क्रिस्तिआन हायगेन्सची. १६५६ मध्ये त्यानेही आधी अक्षरांचे कोडे छापले व १६५९ मध्ये शनीवरील आपल्या ग्रंथात ते सोडवून दाखवले: ग्रहाभोवती एक पातळ, सपाट कडे आहे, ते ग्रहाला कोठेही टेकलेले नाही व क्रांतिवृत्ताशी कललेले आहे. ग्रंथ लेओपोल्दो दे मेदिची या राजपुत्राला अर्पण केलेला होता. रोममधून त्यावर टीका आली, तेव्हा लेओपोल्दोने वाद फ्लॉरेन्समधील आपल्या प्रयोगमंडळाकडे, आकादेमिया देल चिमेन्तोकडे, सोपवला. मंडळाने १६६० मध्ये दोन्ही पक्षांच्या कल्पनांप्रमाणे प्रतिकृती घडवल्या, त्या लांब अंतरावर उजेडात ठेवल्या आणि दुर्बिणीतून व नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या. शिवाय ज्यांना या वादाची काहीच माहिती नाही अशा माणसांना बोलावून, दिसेल तसे काढा, असे सांगितले. काहींनी कड्याऐवजी बाजूचे दोन गोलच काढले! लांबून अंधुक दिसणारे कडे गोलांसारखे भासते, हे त्यावरून उघड झाले आणि गॅलिलीओचे तीन गोल कोठून आले याचाही उलगडा झाला. निरीक्षकाच्या डोळ्यांचीच परीक्षा घेणारा इतका जुना प्रयोग खगोलशास्त्राच्या इतिहासात क्वचितच आढळेल. इतिहासकारांनी त्याची हवी तेवढी दखल घेतलेली नाही.

जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी याने १६७५ मध्ये कड्यातील काळी फट पाहिली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते (रुंदी सु. ४,८०० किमी.). तिच्या आतल्या कडेवरचा कण ग्रहाभोवती दोन फेऱ्या करतो तेवढ्यात मिमास या उपग्रहाची एक फेरी होते; ठराविक जागी वारंवार बसणाऱ्या या ओढीमुळे कण तेथे टिकत नाहीत. एंके नावाची दुसरी फट मात्र तिच्यातूनच फिरणाऱ्या पॅन या छोट्या उपग्रहाने साफ ठेवलेली आहे. हा उपग्रह १९९० मध्ये व्हॉयेजरच्या जुन्या छायाचित्रांत सापडला.

कडे अखंड व घट्ट असू शकत नाही, हे गणिताने दाखवले जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. केंब्रिजच्या ॲडम्स पारितोषिकासाठी हाच विषय लावलेला होता. १८५७ चे ते पारितोषिक मॅक्सवेलला मिळाले व निबंध १८५९ मध्ये छापला गेला. घट्ट कडे ग्रहावर कोसळेल, द्रवाचे असेल तर फुटून थेंब होतील. तेव्हा ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष. कणांच्या लाटा समजावून देण्यासाठी त्याने हस्तिदंती गोळ्यांचे, दांडा फिरवून चालणारे एक यंत्र करवून घेतले होते. ते केंब्रिजमध्ये जपलेले आहे. प्रत्यक्ष पुरावा एप्रिल १८९५ मध्ये आला: अमेरिकेतील ॲलेगेनी वेधशाळेत जेम्स कीलर याने कड्यांचा वर्णपट घेतला, तेव्हा आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा वेगाने फिरते असे दिसले. अखंड चाकाच्या बाबतीत याच्या उलट घडले असते.

कड्यांना सापडलेल्या क्रमाने अक्षरे दिलेली आहेत, त्यामुळे ग्रहाकडून बाहेर जाताना क्रम डी, सी, बी, ए, एफ, जी, ई असा विचित्र लागतो. मुख्य कडी ग्रहाच्या मध्यापासून सु. ७४,५०० ते १,३६,८०० किमी. पसरलेली असून त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच्या आत आहे. कण धुळीएवढ्यापासून घराएवढ्यापर्यंत, बहुतांश पाण्याच्या बर्फाचे. ई कडे वेगळ्या प्रकारचे आहे: एन्सेलॅडस या उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवाजवळील भेगांतून उडणारी वाफ व बर्फाचे कण त्याला सतत नवा माल पुरवतात (कॅसिनी यान, २००५).

वयाबद्दल मतभेद आहेत. एका मताप्रमाणे कडी केवळ काही कोटी वर्षांची आहेत, बर्फ अजून इतका स्वच्छ आहे आणि कड्यांचे एकूण वस्तुमान (मिमासच्या सु. दोनपंचमांश) इतके कमी भरते, यावर ते आधारलेले आहे. दुसरे मत बर्फावरची धूळ निघून जाऊ शकते असे मानून कडी ग्रहाइतकीच जुनी धरते. निकाल लागलेला नाही.

पृथ्वीवरून कडी दर सु. १५ वर्षांनी कडेवर आलेली दिसतात. अलीकडचा असा प्रसंग २३ मार्च २०२५ रोजी होता, पण ग्रह तेव्हा सूर्याच्या अगदी जवळ असल्याने तो नीट पाहता आला नाही. पुढील प्रसंग २०३८–३९ मध्ये.

उपग्रह : मार्च २०२५ पर्यंत २७४ मान्य झाले होते. सर्वांत मोठा टायटन (हायगेन्स, १६५५). जुन्या सात उपग्रहांना आजची नावे जॉन हर्शेल याने १८४७ मध्ये सुचवली व त्यामागचे कारणही सांगितले: सॅटर्नने मुले गिळून टाकल्यामुळे त्याच्याभोवती ती जमवता येत नाहीत, म्हणून भावंडे, म्हणजे टायटन वंशातील देव, घ्यावी.

अवकाशयाने : पायोनियर ११ (१९७९), व्हॉयेजर १ (१९८०), व्हॉयेजर २ (१९८१), कॅसिनी–हायगेन्स (२००४–१७).

देव : इटलीतील जुना देव, हाती विळा. लॅटिन लेखक व्हारो याने त्याचा संबंध पेरणीशी जोडला. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांना ही व्युत्पत्ती पटत नाही. देव मूळचा एट्रुस्कन असावा असेही काही जण मानतात. ग्रीकांच्या क्रोनॉसशी त्याचे ऐक्य फार लवकर कल्पिले गेले आणि बापाला पदच्युत करण्याची व मुले गिळण्याची कथा त्याला तेथूनच चिकटली. रोमन भर अशी, की ज्युपिटरने हाकलल्यावर तो जहाजातून लॅटियममध्ये आला, जेनस राजाने त्याला आसरा दिला व तेथे त्याने लोकांना शेती शिकवून सुवर्णयुग आणले. लॅटियममधील आगमन व सुवर्णयुग हा भाग व्हर्जिलच्या महाकाव्यात आहे. मुले खाणारा आणि सुवर्णयुग आणणारा, ही दोन रूपे एकाच देवात कशी नांदली, याचा विचार रोमनांनी फारसा केलेला दिसत नाही. पत्नी ऑप्स; लुआ ही देवताही त्याच्याबरोबर येते.

मंदिर : रोमच्या फोरममध्ये, कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी. स्थापना परंपरेने इ. स. पू. ४९७. इ. स. पू. ४२ पासून मुनाशियस प्लँकस याने ते नव्याने बांधले. आज उभे असलेले आठ आयोनिक स्तंभ त्याहून पुष्कळ उशिराच्या, आगीनंतरच्या जीर्णोद्धारातले, तो इ. स. चौथ्या शतकातला मानतात. आत देवाची पोकळ मूर्ती होती व तिच्या पोटात तेल भरलेले असे. मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोऱ्यांनी बांधून ठेवत, फक्त उत्सवात ते सोडत. कारणे प्राचीन लेखकच वेगवेगळी देतात. यज्ञ करणारा रोमन एरवी डोके झाकून घेई, येथे मात्र ते उघडे ठेवण्याची रीत होती.

राज्याचा खजिना याच मंदिरात होता. कायद्यांच्या प्रती, हिशोबाची कागदपत्रे व सैन्याची निशाणेही येथेच ठेवत आणि क्वेस्टर हे अधिकारी त्यांची देखभाल करत. इ. स. पू. ४९ मध्ये ज्यूलियस सीझरला यादवी युद्धासाठी पैसा हवा होता. ट्रिब्यून मेटेलस आडवा आला, किल्ल्या मिळेनात, तेव्हा सीझरने लोहार बोलावून दारे फोडायला लावली. मेटेलस तरीही हटेना, तेव्हा सीझरने त्याला जिवाची धमकी दिली, असे प्लूटार्क सांगतो.

सॅटर्नेलिया : १७ डिसेंबरचा उत्सव. मुळात एक दिवसाचा, पुढे सात दिवसांपर्यंत लांबला. ऑगस्टसने न्यायालयांची सुट्टी तीन दिवसांवर आणली होती, लोकांनी मात्र उत्सव आटोपता घेतला नाही. टोगा बाजूला ठेवून सैल रंगीत कपडे घालत, एरवी बंदी असलेला जुगार खेळत, मेणबत्त्या व मातीच्या लहान बाहुल्या भेट देत. गुलामांना मालकांबरोबर, काही घरांत मालकांच्या आधी जेवायला बसवत. चिठ्ठी टाकून एक खोटा राजा निवडत. या राजाचा शेवटी बळी देत अशी एक उशिराची ख्रिस्ती कथा आहे. तिच्यावर विसंबता येत नाही. नाताळच्या चालीरीती येथून आल्या हे विधान सर्रास केले जाते. भेटी व मेणबत्त्यांपुरते साम्य दिसते, थेट वारसा सिद्ध झालेला नाही.

आफ्रिकेतील सॅटर्न : कार्थेजचा बाल हम्मोन हा देव रोमन अमलात सॅटर्न या नावाने पुजला जाऊ लागला. ट्युनिशिया व अल्जीरिया येथे त्याला वाहिलेल्या कोरीव शिळा मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. खुद्द रोममध्ये या देवाची भक्ती इतकी खोलवर गेली होती असे दिसत नाही.

ग्रहाला देवाचे नाव : बाबिलोनी लोक हा ग्रह निनुर्ता देवाचा मानत. ग्रीकांनी त्याला क्रोनॉसचा तारा म्हटले व रोमनांनी क्रोनॉसच्या जागी आपला सॅटर्न घातला. शनिवार हा वारही याच वाटेने आला. ग्रह पृथ्वीपासूनच्या अंतराप्रमाणे लावून दिवसाचा एकेक तास एकेका ग्रहाला वाटला, की ज्याचा पहिला तास त्याचा तो दिवस होतो. सर्वांत दूरचा म्हणून यादी सॅटर्नपासून सुरू होई. रोमन सप्ताहही सुरुवातीला त्याच्याच दिवसापासून मोजत.

कला : रूबेन्स (१६३६) व गोया (१८१९–२३) यांची मूल खाणाऱ्या सॅटर्नची चित्रे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. गोयाने ते चित्र आपल्या घराच्या भिंतीवर काढले होते. आजचे नाव त्याने दिलेले नाही.