अक्षराचा भाव : वऱ्हाडातील ठोक कोरकामाचा एक हिशेब

श्रमाच्या इतिहासात शेतमजूर सापडतो, गिरणीकामगार सापडतो, रेल्वेचा खलाशी सापडतो. भांड्यावर, दगडावर, पत्र्यावर दुसऱ्याची नावे घालणारा कारागीर मात्र सहसा सापडत नाही. साऱ्या जगाची नावे टिकवून ठेवणाऱ्या ह्या माणसाचे स्वतःचे नाव कुठे लिहिलेले नसते. अकोल्यात किंवा अमरावतीत भांड्यांच्या दुकानापुढे, बोळाच्या तोंडाशी एक टेबल टाकून तो बसतो. एक तांब्या आणला तर अक्षराला इतके पैसे हा त्याचा भाव ठरलेला असतो. पण पाचशे पेले एकदम आले की हा ठरलेला भाव डळमळू लागतो. गिऱ्हाईक म्हणते, "एवढाले हायेत भाऊ, काई कमी नाई करसान काय?" ह्या एका वाक्यात मोठा इतिहास दडलेला आहे. काम जितके जास्त तितका श्रमाचा भाव कमी, हे गणित आपल्या समाजाने शतकानुशतके अंगावर सोसले आहे. म्हणून कोरकामाच्या भावाचा प्रश्न केवळ धंद्याचा आहे असे मला वाटत नाही.

वऱ्हाडातल्या सर्वांत नामवंत ठोक कोरकामापासून सुरुवात करू. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात शेत नांगरताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. हे दान पाचव्या शतकातले. भोजकट राज्यातील मधुनदीकाठचे चर्मांक हे गाव राजाने एक हजार ब्राह्मणांना दिले. जमीन आठ हजार भूमी. दान हजारांना असले तरी ताम्रपटावर नावे कोरली आहेत ती फक्त एकोणपन्नास! बाकीची का गळली, ह्याचे उत्तर ताम्रपट देत नाही. परंतु ज्याने कधी नावे कोरून घेतली आहेत त्याला एक गोष्ट चटकन उमगते. हजार वेळा एकच मजकूर कोरणे हे एक काम, आणि हजार वेगवेगळी नावे कोरणे हे अगदी दुसरेच काम. पहिल्यात हात सरावतो. दुसऱ्यात प्रत्येक नावाला डोळा, हात आणि मन नव्याने लावावे लागते. संख्या हजार झाली म्हणून श्रम एका कवडीने कमी होत नाही.

ह्याच ताम्रपटात गावाला दिलेल्या सवलतींची यादी आहे. गवत, बसण्याची कातडी, कोळसा पुरवण्यातून सूट. सर्व प्रकारच्या 'विष्टी'तून सूट. विष्टी म्हणजे आपली वेठ. दाम न मोजता करून घेतलेले काम. राजाची वेठ सुटली, पण ती सुटून दान घेणाऱ्या नव्या धन्याच्या हाती गेली, असे मानणारे इतिहासकार आहेत. ते काहीही असो. ज्या हातांनी कातडे कमावले, कोळसा पाडला, त्यांची वेठ माफ झाल्याचा ताम्रपट कोणी कोरला नाही. वेठीचा उल्लेख तांब्यावर आला तो वरच्यांना मिळालेली सवलत म्हणून. ती करणाऱ्याच्या बाजूने तिचा हिशेब कुठेच मांडला गेला नाही.

वेठ म्हणजे दामच नाही. बलुते ही त्यापुढची पायरी. बलुत्यात दाम होता, पण तो ठोक होता, हा मुद्दा आपण पुरेसा लक्षात घेतलेला नाही. महाराने सरकारी टपाल न्यायचे, गावाची राखण करायची, शिवेच्या खुणा दाखवायच्या, मेलेले ढोर ओढायचे, मयताचा सांगावा घेऊन परगावी धावायचे, आल्यागेल्या अधिकाऱ्याचे सरपण फोडायचे. ह्या कामांची मोजदाद नव्हती. वर्षाच्या शेवटी खळ्यावर जे धान्य पडेल तो सगळ्याचा मिळून एक भाव. कामे वेगवेगळी, वेळ रात्रीची की दिवसाची ह्याला धरबंध नाही, आणि भाव ठरवणारा एकटा घेणारा! इतके मोठे ठोक काम आणि इतकी मोठी सूट जगाच्या बाजारात दुसरी कुठे मिळाली असेल असे वाटत नाही. ह्या सुटीलाच पुढे 'हक्क' असे गोंडस नाव मिळाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ह्या ठोक भावावरच घाव घालणारे होते. बलुत्याच्या जागी रोख रकमेत ठरलेला मोबदला मिळावा, वतनी जमिनीवर पूर्ण सारा भरून चाकरीतून मोकळे होता यावे, ही त्यातली तत्त्वे. विधेयक तडीस गेले नाही. शिवाय तो कायदा मुंबई इलाख्याचा होता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या कारभारात होते. तरीही त्यामागचा विचार वऱ्हाडालाही तितकाच लागू होता : कामाची मोजदाद करा, म्हणजे माणूस मोकळा होईल. त्याआधी चारच महिने, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, बाबासाहेब अमरावतीला परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. देवळाच्या पायऱ्यांवर दात्यांची नावे कोरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ज्यांना पायरी चढायचीच बंदी, त्यांचे नाव पायरीवर येणार कुठून? पुण्याजवळ कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' शेवट असलेली बावीस नावे कोरलेली आहेत. ती वाचायला आपण दरवर्षी का जातो, हे ज्यांना कळत नाही त्यांना नाव कोरले जाण्याची किंमत कळलेली नाही.

वऱ्हाडात भाव ठरवण्याचा इतिहास आणखी एका अर्थाने बोलका आहे. कापसाच्या नियंत्रित बाजाराची देशातली सुरुवात वऱ्हाडातली. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्याला १८८६ साली असा बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. माल कुठे विकायचा, वजन कसे करायचे, अडत किती घ्यायची, ह्याला नियम आले. कापूस वेचणाऱ्या बाईच्या मजुरीला मात्र कायद्याचा आधार मिळायला १९४८ चा किमान वेतन कायदा यावा लागला. मधली एकावन्न वर्षे कापसाला कायदा होता आणि हाताला नव्हता. कागदावर कायदा आल्याने प्रत्यक्षात हाती काय पडले हे शेतमजुरांना विचारावे.

आता पुन्हा त्या टेबलाशी येऊ. पूर्वी बारीक छिन्नी आणि हातोडीने, टिंबाला टिंब जोडत नाव घालीत. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. लग्नाच्या पंगती उठल्यावर भांड्यांच्या ढिगातून आपला गंज ती काठाखालच्या टिंबांवर बोट फिरवून ओळखून काढी. पुढे विजेवर चालणारी सुई आली, आणि आता लेझरचे यंत्र आले. हत्यार बदलले तरी अक्षरामागे भाव ही रीत बरीच टिकून आहे. आणि नागरीत अक्षर म्हणजे काय, हाच पहिला तंटा. 'कमल' तीन अक्षरे, 'सिद्धार्थ' हीही तीनच अक्षरे. पण दुसऱ्यात वेलांटी आहे, जोडाक्षर आहे, काना आहे, रफार आहे. भाव सारखा, श्रम दुप्पट. १९५६ नंतर आपण मुलांची नावे बदलली, सिद्धार्थ, बोधिसत्त्व, प्रज्ञा ही नावे घरोघर आली, तेव्हा नाव घालणाऱ्याच्या सुईला किती जोडाक्षरे वाढली ह्याचा विचार कोणी केला नसेल!

ठोक कामाचा हिशेब उदाहरणाने मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा एका पेल्यावर मजकूर घालायला, उचलण्या-पुसण्यासकट, दोन मिनिटे लागतात. एकच पेला आणणाऱ्याशी बोलणे, मजकूर लिहून घेणे, जागा ठरवणे ह्यात दहा मिनिटे जातात. म्हणजे एका पेल्यामागे बारा मिनिटे. पाचशे पेल्यांच्या कामात बोलणे, नमुना दाखवणे, माल मोजून घेणे ह्याला दोन तास धरू. कोरायला हजार मिनिटे. एकूण अकराशे वीस, म्हणजे पेल्यामागे सव्वादोन मिनिटांच्या आत. बचत झाली ती बोलण्याच्या वेळेत. कोरण्याची दोन मिनिटे होती तिथेच राहिली. म्हणून सूट द्यायची तर ती ह्या वाचलेल्या वेळेतूनच देता येते. त्याखाली उतरलेला प्रत्येक पैसा हा कारागिराच्या जेवणातून काढलेला असतो. आणि अक्षराच्या भावात बोलण्याचा वेळ मुळीच धरलेला नसेल, तर कमी करायला काही उरतच नाही.

ह्यावर आणखी तीन बोजे असतात. पहिला नासाडीचा. शंभरात एक पेला बिघडला आणि पेल्याची किंमत त्यावरच्या कोरणावळीच्या दहापट असली, तर पाचशेत पाच पेले म्हणजे पन्नास पेल्यांची मजुरी गेली. दहावा हिस्सा! एक पेला घेताना ही जोखीम हसण्यावारी जाते, ठोक कामात ती नक्की येऊन उभी राहते. दुसरा, मोठे काम हाती असताना किरकोळ गिऱ्हाईक परत जाते, आणि परत गेलेले गिऱ्हाईक दुसरे टेबल शोधते. तिसरा उधारीचा. एका तांब्याचे पैसे हातावर मिळतात, पाचशे पेल्यांचे 'बिल पास झाल्यावर' मिळतात. आणि प्रत्येक ढालीवर वेगळ्या विद्यार्थ्याचे नाव असेल, तर संख्या कितीही मोठी असो, ते ठोक काम नव्हेच. ती पाचशे किरकोळ कामे आहेत. चम्मकच्या ताम्रपटाने हे पंधरा शतकांपूर्वी दाखवून ठेवले आहे.

आता जे म्हणायचे आहे ते आपल्यांनाच उद्देशून आहे. भांडी, ढाली, विहाराच्या कोनशिला, दात्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या, चौदा एप्रिलची स्मृतिचिन्हे अशी ठोक कामे आज आपल्या संस्था आणि जयंती मंडळेही देतात. कोरणारा पुष्कळदा आपलाच शिकलेला, नोकरी न मिळालेला मुलगा असतो. कर्ज काढून त्याने यंत्र घेतलेले असते. त्याला ऐकवले जाते, 'समाजाचे काम आहे, थोडे कमी कर.' मंडपवाल्याला, बँडवाल्याला, छापखानेवाल्याला हे कोणी ऐकवीत नाही. जो आपला, त्याच्याकडूनच सूट मागायची, आणि नाही म्हटले तर समाजद्रोही ठरवायचे! वेठ मागणारा पाटील गेला, पण मागण्याची रीत आपण उचलली की काय? कारागिराने आनंदाने दान दिले तर ते दान आहे, आणि मग दात्यांच्या पाटीवर त्याचेही नाव यावे. भावातून कापून घेतलेले दान म्हणजे बलुत्याचीच नवी आवृत्ती.

मंडळांनी काय करावे हे कठीण नाही. मजकूर कागदावर लिहून, तपासून, सही करून द्यावा, म्हणजे शुद्धलेखनाचा दोष कारागिरावर येणार नाही. तयारीचा खर्च वेगळा, नगामागची मजुरी वेगळी, असा भाव मागावा. बिघडणाऱ्या नगांसाठी शंभरामागे दोन नग जादा द्यावेत. निम्मे पैसे आगाऊ आणि बाकीचे माल उचलताना द्यावेत. आणि कारागिरानेही भाव सांगण्यापूर्वी आपल्या मिनिटांचा हिशेब कागदावर मांडावा. गिऱ्हाईक हातचे जाईल ह्या भीतीने तोंडी भाव पाडणारा उद्या शेजारच्या टेबलाचाही भाव पाडतो. अकोल्यातल्या आणि अमरावतीतल्या कोरणाऱ्यांनी एकत्र बसून तयारीचा आणि नगाचा किमान दर ठरवला, तर पहिले छापील दरपत्रक आपल्या मंडळांनी आपल्या कार्यालयात लावावे आणि त्याप्रमाणे पैसे मोजावेत.