ग्रंथालयाची शपथ आणि बुद्धियंत्र

इ. स. १६४५ च्या डिसेंबरांत इंग्लंडचा राजा पहिला चार्लस ऑक्सफर्ड येथें होता. देशांत यादवी पेटलेली, लंडन पार्लमेंटच्या हातीं गेलेलें आणि ऑक्सफर्ड हीच काय ती त्याची राजधानी. अशा स्थितींत त्यानें तेथील बोडलियन ग्रंथालयांतून एक फ्रेंच इतिहासग्रंथ वाचावयास मागविला. ग्रंथपाल जॉन राउस यानें ग्रंथालयाचे नियमच राजाला दाखविले. ग्रंथ कोणासही बाहेर न्यावयास द्यावयाचा नाहीं, असें त्यांत लिहिलें होतें. राजानें तें मानलें. पुढें १६५४ मध्यें सत्ताधीश क्रॉमवेलनें तशीच मागणी केली, तेव्हां त्यासही नकारच मिळाला. मधल्या नऊ वर्षांत राजाचें शिर गेलें, राज्यपद्धति उलटली. नियम मात्र तोच राहिला.

सर टॉमस बोडली यानें १६०२ मध्यें हें ग्रंथालय उघडलें. वाचकास तेथें शपथ घ्यावी लागे आणि आजही लागते : ग्रंथ बाहेर नेणार नाहीं, त्याची नासधूस करणार नाहीं, आंत अग्नि पेटविणार नाहीं. मोठे ग्रंथ तर फळीस साखळीनें जखडलेले असत. आमच्याकडील लेखकही पोथीच्या शेवटीं तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून तिला जपण्याची विनवणी करीत, हें वाचकांस स्मरत असेलच. भय सर्वत्र एकच.

नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी हें बुद्धियंत्र लोकांसमोर आलें, तेव्हां विद्यापीठांस प्रथम आठवली ती नक्कल. पॅरिसच्या सियान्स पो या संस्थेनें २०२३ च्या जानेवारींत त्याचा अघोषित उपयोग निषिद्ध ठरविला. परंतु त्याच वर्षीं जुलैंत, ऑक्सफर्ड ज्यांत मोडतें त्या रसेल गटाच्या २४ ब्रिटिश विद्यापीठांनीं पांच तत्त्वें प्रसिद्ध करून यंत्राचा जाणता उपयोग शिकविण्याची जबाबदारी स्वीकारली. अमेरिकेंत हार्वर्डनेंही त्याच सुमारास बजावलें कीं, गोपनीय माहिती सार्वजनिक बुद्धियंत्रांत घालूं नये. आमच्या मतें खरा प्रश्न येथें उघडा पडला. विद्यार्थ्यानें काय चोरलें याची चौकशी पुष्कळ झाली. विद्यापीठाच्या हातून काय निसटतें, याची फार थोडी.

ग्रंथ नेला तर फळी रिकामी दिसते. यंत्रांत कागद घातला तर कागद जागच्या जागींच राहतो, आणि तरीही तो गेलेला असतो. मागील वर्षीं एका विद्यार्थ्याच्या अप्रकाशित प्रबंधाचें प्रकरण, सारांश काढून मिळावा म्हणून, आम्हीं यंत्रापुढें ठेवण्याच्या बेतांत होतों. तीन वर्षें दप्तरखान्यांत घालवून त्यानें जमविलेली सामग्री ती. आमच्या विश्वासावर ठेवलेली. हात थांबला खरा, पण उशिरां, हें कबूल केलें पाहिजे.

ऑक्सफर्डनें शेवटीं कराराचा मार्ग धरला. मार्च २०२५ मध्यें जाहीर झालेल्या सहकार्यांत बोडलियनमधील दुर्मिळ ग्रंथांचें लेखन उतरवून घेण्यासाठीं ओपनएआय कंपनीचें साधन वापरण्याचें ठरलें. सप्टेंबरांत सर्व विद्यार्थ्यांस व सेवकवर्गास, शिक्षणसंस्थांसाठीं अधिक सुरक्षित केलेलें चॅटजीपीटी देण्याची घोषणा झाली. ब्रिटनमध्यें असें करणारें तें पहिलें विद्यापीठ. विद्यार्थी चोरून वापरणारच, मग निदान विद्यापीठाच्या देखरेखीखालीं वापरोत, हा विचार आम्हांस पटतो. तरी राउसच्या कमरेची किल्ली आणि कंपनीनें दिलेलें वचन यांस आम्ही एका तागडींत घालणार नाहीं. किल्ली राजासही मागतां येत नव्हती; कराराची मुदत संपते.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं बोलावून परवानगी विचारली. तो संकोचून हंसला. "सर, मीं तर सगळा प्रबंध केव्हांच त्याला दाखविला आहे," असें तो म्हणाला.