कंसातील नाव आणि 'डी. डी. कोसंबी'

शास्त्रीय नियतकालिकाकडे लेख पाठविताना संदर्भ कसे द्यावेत, यासंबंधीचे नियम सामान्यतः कारकुनी स्वरूपाचे मानले जातात. आडनाव आधी की नंतर, साल कंसात की ओळीच्या शेवटी, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येण्याइतके मोठे कोणाला वाटत नाहीत. परंतु या नियमांच्या मुळाशी लेखक म्हणजे कोण आणि प्रमाण कशाला म्हणावे, याविषयीची काही गृहीतके असतात. एका ज्ञानशाखेत किंवा एका लिपीत ती बिनबोभाट चालतात. दुसरीकडे नेली की त्यांचे गृहीतकपण उघडे पडते.

आज 'हार्वर्ड पद्धती' या नावाने रूढ असलेली लेखक-सालाची पद्धती प्रथम एका गोगलगाईच्या अभ्यासात आढळते. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये 'लायमॅक्स कॅम्पेस्ट्रिस' या शंखहीन गोगलगाईच्या अंड्याची परिपक्वता, फलन आणि विभाजन यांवर प्रदीर्घ निबंध लिहिला. तो तेथील तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आधारग्रंथांचा निर्देश वाक्यातच, कंसात लेखकाचे नाव व साल देऊन केला. गंमत अशी की, तळटिपेला हद्दपार करणाऱ्या या पहिल्या कंसाला स्वतःचे स्पष्टीकरण देण्यासाठी तारांकित तळटीपच घ्यावी लागली. एली चर्निन यांनी १९८८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या पद्धतीचा उगम मार्क यांच्यापर्यंत नेऊन पोहोचविला.

सोयीच्या दृष्टीने ही युक्ती निर्विवाद होती. क्रमांकित टिपांमध्ये मध्येच एक संदर्भ घुसविला की पुढचे सारे आकडे बदलावे लागतात. कंसातील नावाला ती अडचण नाही. पण सोयीबरोबर एक मूल्यही आले. मिशेल फूको यांनी १९६९ च्या 'लेखक म्हणजे काय?' या व्याख्यानात असे मांडले होते की, मध्ययुगात शास्त्रीय वचनाला लेखकाच्या नावाचा आधार लागे. सतराव्या-अठराव्या शतकांत मात्र विज्ञान अनामतेकडे आणि साहित्य लेखकनामाकडे वळले. मार्क यांच्या कंसाने विज्ञानाच्या वाक्यात नाव पुन्हा आणून बसविले, मात्र सालाच्या सोबतीने. ते नाव आता आप्तवचनाचे द्योतक नव्हते. कोणी, केव्हा पाहिले याची ती नोंद होती. जुने साल म्हणजे बहुधा मागे पडलेले ज्ञान, हा अर्थही त्या चार अंकांत आपोआप शिरला.

वैद्यकाने पुढे वेगळी वाट धरली. जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले आणि १९७९ मध्ये त्यांच्या समान अपेक्षांचा मसुदा प्रसिद्ध झाला. मजकुरात फक्त आकडा आणि शेवटी उल्लेखक्रमाने यादी, अशी ही रीत. येथे वाचकाला वाक्य वाचताना कोणाचेच नाव दिसत नाही.

दोन्ही पद्धतींच्या सूचीत मात्र माणूस आडनाव आणि आद्याक्षरे एवढाच उरतो. युजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९६४ पासून काढलेली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही उद्धरणसूची याच किल्लीवर उभी राहिली. किल्ली एका कुलपालाच लागते, हे त्यामागचे गृहीतक. एस. चंद्रशेखर यांच्या नावातील 'एस' म्हणजे सुब्रह्मण्यन, हे त्यांच्या वडिलांचे नाव. सूचीत मुलाचे स्वतःचे नावच कुलनाम होऊन बसते. मराठी नावाला आडनाव असल्याने आपण या घोटाळ्यातून सुटलो, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही.

'कोसंबी, डी. डी.' ही नोंद घ्या. धर्मानंद दामोदर कोसंबी हे पाली व बौद्ध विद्येचे अभ्यासक, 'निवेदन' आणि 'भगवान बुद्ध' यांचे कर्ते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे पुत्र, गणिती आणि इतिहासकार. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या चालीमुळे ही उलटापालट झाली. देवनागरीत वडील 'ध. दा.' आणि मुलगा 'दा. ध.'; गोंधळाला जागाच नाही. रोमन लिपीत 'द' आणि 'ध' या दोहोंचे आद्याक्षर एकच होते आणि बापलेक एकमेकांत विरघळतात. 'हार्वर्ड ओरिएंटल सीरिज'चा एक्केचाळिसावा ग्रंथ (१९५०) म्हणजे वॉरन यांनी संपादिलेला आणि धर्मानंदांनी संस्कारिलेला 'विसुद्धिमग्ग'. बेचाळिसावा (१९५७) म्हणजे दामोदर आणि वि. वि. गोखले यांनी संपादिलेला विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश'. लागोपाठच्या दोन ग्रंथांवर दोन 'कोसंबी, डी. डी.'!

उलट, एकच माणूस दोन होण्याचीही सोय या पद्धतीत आहे. पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून जनुकांमधील अंतर काढण्याचे सूत्र दामोदर कोसंबींनी मांडले. जनुकशास्त्रज्ञ आजही त्यासाठी '(कोसंबी, १९४४)' असे लिहितात. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहिणारा हाच, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. कंस तेवढे सांगत नाही.

आणि कंसातील माणूस मुळात अस्तित्वात असला पाहिजे, हे तरी कोण पाहते? १९३१ मध्ये कोसंबींनी अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत 'बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया'च्या व्यापकीकरणावर टिपण छापले. क्रांतीच्या काळात विषप्रयोगाने मेलेला डी. बूर्बाकी नावाचा रशियन गणिती त्यांनी त्यात प्रमाण म्हणून उभा केला. असा गणिती कधीच नव्हता. अलीगढला असलेले आंद्रे वेय यांची ही सूचना. एका सहकाऱ्याची जिरवावी, हा हेतू, असे वेय यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी 'निकोला बूर्बाकी' या सामूहिक नावाने ग्रंथरचना सुरू केली. नसलेल्या लेखकाचा संदर्भ आधी, त्याचे ग्रंथ नंतर! संदर्भाचे बाह्य रूप निर्दोष असले की त्याच्या खरेपणाची चौकशी कशी थांबते, हे त्या थट्टेने दाखवून दिले.

याच कोसंबींनी पुढे पाठचिकित्सेत लेखकनामाविषयी जो सावधपणा दाखविला, तो या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखा आहे. १९४८ च्या त्यांच्या संपादनाचे इंग्रजी शीर्षक भर्तृहरीची सुभाषिते असे नाही; भर्तृहरीच्या नावे सांगितली जाणारी सुभाषिते, असे आहे. संस्कृत सुभाषितसंग्रहांची जुनी रीतही येथे आठवावी. श्लोकाखाली कवीचे नाव षष्ठी विभक्तीत येते. कवी माहीत नसेल तेथे 'कस्यापि', म्हणजे कोणाचे तरी. कर्ता अज्ञात असल्याची ही नोंद सूचीत टाकायची तर कोणत्या अक्षराखाली?

मराठी समीक्षालेखनात लेखक-सालाचा कंस आता सर्रास दिसतो. समकालीन समीक्षकांचे ऋण नोंदविताना तो उपयोगी आहे, यात वाद नाही. पण ज्ञानेश्वरीची ओवी उद्धृत करताना काय करावयाचे? '(ज्ञानेश्वर, १९०९)' हे हास्यास्पद होईल. '(राजवाडे, १९०९)' असे लिहिले तर ओवीचे कर्तृत्व संपादकाकडे जाते. अध्याय आणि ओवी यांचा क्रमांक देण्याची आपली रीत संहितेशी अधिक इमान राखते, परंतु प्रतीप्रतींत ओव्यांची संख्या बदलत असल्याने राजवाड्यांचे नावही गाळून चालत नाही. गोगलगाईच्या अंड्यासाठी केलेल्या कंसात या दोन्ही गोष्टी एकदम मावत नाहीत. संशोधकांच्या नावांचा घोळ मिटविण्यासाठी २०१२ पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा स्थानांचा क्रमांक मिळू लागला आहे. तो ज्याचा त्याने स्वतः घ्यावयाचा असतो. धर्मानंद १९४७ मध्ये गेले, दामोदर १९६६ मध्ये.